सकाळी तपासलेलं टेबल

धान कापणीला आलं की नाही, हे पाहायला मला शेतात, बांधीवर, जावं लागत नाही. मशीनच्या खोलीतल्या एसीची जाळी काढून झटकली की कळतं. पावसाळ्यात तिच्यावर ओलसर काळपट धूळ असते, उन्हाळ्यात रस्त्याची तांबूस. दिवाळीच्या आगेमागे मात्र एक पिवळसर, हलका, बोटांना खाजवणारा थर बसतो. तो धानाचा भुसा. या खोलीच्या भिंती मीटरभराहून जाड काँक्रीटच्या आहेत, खिडकी एकही नाही आणि दार असं की उघडताना मोटर कण्हते. आतले किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून एवढा बंदोबस्त. ते जात नाहीत. पण बाहेरची कापणी आत येते, तिला कोणी अडवू शकलेलं नाही.

काल जाळी झटकली, दोनदा शिंकलो आणि तीन वर्षांपूर्वीची कापणी आठवली.

माझ्या हुद्द्याची पाटी आहे, ‘यांत्रिकी तंत्रज्ञ, किरणोपचार विभाग’. पाटी मोठी आहे, काम तिच्या मानाने सरळ. कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. किती, कुठून आणि किती वेळ, हे आमच्या भौतिकशास्त्रज्ञ वंदना मॅडम ठरवतात. या दोघांचं ठरून झालं की जे लोखंड उरतं ते माझं. मशीनचा फिरणारा हात, त्याचे बेअरिंग, दाराची साखळी, पेशंट ज्यावर झोपतो ते टेबल, आणि पेशंटचं डोकं हलू नये म्हणून करायचे मुखवटे. आंधळगावला, माझ्या गावी, यातलं काही कोणाला समजत नाही. माझा मोठा भाऊ लोकांना सांगतो, “दवाखान्यात मशीनवर हाय.” लोक विचारतात, “कोन्ती मशीन? एक्स-रे?” भाऊ म्हणतो, “कॅन्सरची.” मग कोणीतरी काळजीने म्हणतं, “मंग जेवताना हात धूत जा जी.”

वाचायची मला सवय आहे. पुष्कळ वाचलं, त्यातलं पुष्कळ विसरलो. पण मशीनच्या मॅन्युअलइतकं प्रामाणिक गद्य क्वचित भेटलं. त्यात ‘कदाचित’ नसतं, ‘एका अर्थाने’ नसतं आणि कोणाचे आभार मानलेले नसतात. त्यात लिहिलं आहे की टेबल रोज काम सुरू होण्यापूर्वी तपासावं. मी दहा वर्षं रोज काम सुरू होण्यापूर्वी तपासत आलो होतो. सकाळी सातला, खोली थंड असताना, टेबल रिकामं असताना. मॅडम पेशंटच्या जागी ठेवतात त्या प्लास्टिकच्या विटा मांडायच्या, टेबल वर न्यायचं, खाली आणायचं, शेजारी डायल गेज लावून काटा पाहायचा. काटा हलत नसे. मी नोंदवहीत ‘ठीक’ लिहून सही करीत असे. त्या सहीला एक रुबाब होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या भागात कापणी म्हणजे नुसती शेतातली गोष्ट नाही. हवाच बदलते. सकाळी वैनगंगेवर धुकं, दहा वाजता ऊन, आणि दिवसभर ताज्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, तो गोडसर, किंचित आंबूस वास. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या. कुठे पुंजणे रचलेले, कुठे परप्रांतातून आलेला हार्वेस्टर एका फेरीत सगळं उरकून निघालेला. गावोगावी मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे, कर्णे आणि तिथे रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या नाटकांच्या जाहिराती. या दिवसांत आमच्या विभागात खाडे पडू लागतात. पेशंट आठ दिवस येतो आणि मग येत नाही. फोन केला तर पलीकडून मळणीच्या थ्रेशरचा आवाज आणि त्यातून उत्तर, “चुरना झाला की येतो जी!” किरणोपचार रोज घ्यायचा असतो. मध्ये खंड पडला की गाठ तेवढ्यात पुन्हा बाळसं धरते. हे आम्ही सगळ्यांना समजावून सांगतो. धान मात्र कोणाचं ऐकून थांबत नाही.

डोमाजीला ही अडचण नव्हती. त्याला शेतच नव्हतं. तो कारध्याच्या बाजूचा ढिवर, नदीवर आणि आसपासच्या तलावांत मासे धरणारा. पन्नाशीचा, काटक, खांदे रुंद आणि हात इतके खरखरीत की नोंदणीच्या खिडकीत अंगठा मशीनला ओळखू येईना. त्याच्या स्वरयंत्रावर गाठ होती. लवकर सापडली होती. डॉक्टर म्हणाले होते, तेहेतीस दिवस न चुकता आलात तर गाठही जाईल आणि आवाजही वाचेल. चुकलात तर पुढे घसा कापावा लागेल, आणि मग आवाजाचं काही खरं नाही.

त्या वेळी त्याचा आवाज म्हणजे कुजबूज होती. नदीवर मात्र तो आवाजासाठीच प्रसिद्ध होता म्हणे. या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा भाऊ डोंगा सोडायचा. ही माहिती मला त्याच्या बायकोने, पार्बताबाईंनी दिली. त्या बाजारात मासे विकत. त्यामुळे त्यांचा आवाज दोघांना पुरून उरे.

“यायच्या हाकेनं बगळे उडत, बगळे!” त्या म्हणाल्या. “आता मले कानाजवळ येऊन सांगते, मीठ दे. शेजारीन म्हनते, म्हातारपनी लाडात आले वाटते.”

डोमाजी खांदे हलवून हसला. हसण्याचाही आवाज नव्हता.

त्याचा मुखवटा मी केला. हे काम पाहण्यासारखं असतं. पांढऱ्या प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात टाकायचा. तो साडीसारखा मऊ झाला की निथळून पेशंटच्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून खाली खांद्यापर्यंत ओढायचा आणि दाबून धरायचा. पाच-सात मिनिटांत तो घट्ट होतो आणि त्या माणसाचं नाक, हनुवटी, कंठमणी, सगळं त्यात उतरतं. मग रोज तोच मुखवटा चढवून त्याला टेबलाला खिळवायचं, म्हणजे गळा रोज त्याच जागी येतो. पुष्कळ माणसं या वेळी घाबरतात. डोमाजी घाबरला नाही. मुखवटा निघाल्यावर त्याने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, एकेका भोकात करंगळी घालून पाहिली आणि कुजबुजला. पार्बताबाईंनी मोठ्याने सांगितलं, “हे म्हनतात, जाळं चांगलं हाय. पन याले गाठी नाहीत, हे टिकन का?”

मी म्हटलं, “तेहेतीस दिवस टिकेल.”

त्यावर त्याने बंडीच्या खिशातून जाळ्याचं सूत काढलं आणि त्याला एक गाठ मारली. पुढे रोज मशीनखालून उठला की तो एक गाठ मारी. नोंदवही आम्हीही ठेवत होतो. तीन रंगांच्या शाया, चार जणांच्या सह्या. तरी महिन्यातून एकदा हिशेब जुळेना. त्याच्या सुतात चूक झाली नाही.

पंधराव्या गाठीच्या सुमारास त्याचा घसा आतून सोलल्यासारखा झाला. हे व्हायचंच असतं. पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तो वाळत चालला. पार्बताबाईंनी मला एकदा दाराशी गाठलं.

“साहेब, काल रातच्याला सूत काढून बसले होते. म्हनते, लय झाल्या गाठी. आता पुरे.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हनन? म्हटलं, मंग उद्यापासून मासोळी तूच विक. हाका मारत बस बजारात, पाहू कोन घेते.” एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि दुसरीकडे पाहिलं.

मंडईच्या दिवसांत पार्बताबाईंची सकाळ बाजारात जाऊ लागली, म्हणून त्यांनी वेळ बदलून मागितली. डोमाजी सकाळच्या यादीतून दुपारच्या यादीत गेला. साधी गोष्ट. पण त्या साध्या गोष्टीमुळेच पुढचं सगळं उघडकीला आलं.

मंगळवारी दुपारी उपचार संपल्यावर तो उठून बसला, टेबलावर तळहात ठेवला आणि मला जवळ बोलावलं. पार्बताबाई बाहेर होत्या, म्हणून मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“खाट मधातच खाली बसते जी.”

“म्हणजे?”

“बारीक झटका देते. डोंग्यात आपन निजलो असन अन् कोनी काठावर पाय ठेवला, तं कसं होते? तसं.”

मी हसलो. माझ्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच त्यातलं वाईट. म्हटलं, मोटर आहे, थोडं जाणवतं. उद्या तपासतो. आणि तपासलंही. बुधवारी सकाळी सातला, थंड खोलीत, रिकामं टेबल, प्लास्टिकच्या विटा. काटा जागचा हलला नाही. ‘ठीक’, सही.

बुधवारी दुपारी डोमाजीने पुन्हा तळहात ठेवला. या वेळी पार्बताबाई होत्या.

“मी तपासलं,” मी म्हटलं. “काही नाही.”

तो कुजबुजला. बाई म्हणाल्या, “विचारतात, कवा तपासलं?”

“सकाळी. सातला.”

“म्हनतात, कोन निजलं होतं तवा खाटेवर?”

“कोणी नाही. सकाळी कोण असणार?”

डोमाजीने या वेळी बाईंची वाट पाहिली नाही. घशाला ताण देऊन, अर्धं हवेत आणि अर्धं आवाजात तो म्हणाला, “काठावर सुकं जाळं पाहून काय समजते जी? मासोळी भेटली की मंग फाटते ते.”

आणि दुखऱ्या घशावर हात ठेवून बसला. एवढ्या बोलण्याची किंमत त्याला द्यावी लागली होती, म्हणून मला ते विसरता येईना. घरी जाताना पुलावर विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दहा वर्षं मी या टेबलाची सेवा केली होती. तेल घातलं, नट आवळले, केबल बदलल्या. पण त्यावर एकदाही झोपलो नव्हतो.

गुरुवारी दुपारी, वीसेक पेशंट होऊन गेल्यावर, मी वंदना मॅडमना सांगितलं की मला टेबलावर झोपायचं आहे. त्या कमी बोलतात. बारीक चणीच्या, चष्मा नाकावर, पायांत साध्या चपला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी स्वतः डायल गेज लावलं. किरण बंद होते, दार उघडं. मी पडलो. वरून मशीन कसं दिसतं हे मला माहीत होतं. खालून ते वेगळंच असतं. ते आपल्याकडे पाहत असतं. छताला एक ओलीचा डाग आहे, बैलाच्या तोंडासारखा. हजारो माणसं तो पाहून गेली असतील, मला आज दिसला. मॅडमनी टेबल वर घेतलं, थांबवलं. एक मिनिट काही नाही. मग पाठीखाली काहीतरी किंचित सुटलं, अगदी किंचित. डोंग्याच्या काठावर कोणी पाय ठेवावा तसं.

“दोन मिलीमीटर,” मॅडम म्हणाल्या. जरा थांबून, “अडीच.”

मोटर थांबली की टेबलाला जागेवर धरून ठेवणारा एक ब्रेक असतो. त्याचं अस्तर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि त्यावर तेलकट धुळीचा थर होता. सकाळी थंड असताना तो धरून राही. दुपारपर्यंत वीस माणसं वर-खाली करून तापला की सोडू लागे. मी रोज तपासत होतो तो विश्रांती घेतलेला ब्रेक.

मॅडमनी नोंदवहीत एकच शब्द लिहिला, ‘बंद’. खाली सही. मग डॉक्टरांबरोबर बसून त्यांनी दुपारच्या सगळ्या पेशंटचे कागद पुन्हा तपासले. घसरण नुकतीच सुरू झाली होती आणि उपचारात ठेवलेल्या मोकळिकीच्या आत बसत होती, कोणाचा घात झालेला नव्हता. हे ऐकेपर्यंत मी उभाच होतो.

आता या ‘बंद’ला एक अडचण होती. शनिवारी आमच्याकडे समारंभ होता. ट्रस्टने नवं मशीन घेतलं होतं. ते अजून खोक्यांत होतं, जोडायला महिने लागणार होते, पण लोकार्पण खोक्यांचंही करता येतं. अध्यक्षसाहेबांनी मांडव घातला होता, कोनशिला कोरून आली होती, आणि जुन्या विभागातून पाहुण्यांना फिरवायचं ठरलं होतं. अशा वेळी दारावर ‘मशीन बंद आहे’ ही पाटी शोभली नसती. अध्यक्षांनी मॅडमना बोलावलं. मी दाराशी होतो.

“दोन मिलीमीटर म्हणजे किती हो?” अध्यक्ष म्हणाले. “आपल्या मांडवाचा खांब फूटभर वाकडा आहे, कोणाला दिसला का?”

“मांडवाखाली कोणाचा गळा नाही, सर,” मॅडम म्हणाल्या.

आवाज चढला नाही, हातवारे नाहीत. मी बरीच भाषणं ऐकली आहेत, त्यातली काही शाल-श्रीफळासकट. एवढं नेमकं वाक्य क्वचित ऐकलं.

खरी काळजी मांडवाची नव्हती. कंपनीचा माणूस म्हणाला, ब्रेक पाठवायला आठवडा लागेल. आणि बाहेर बाकावर उरलेले पेशंट होते. कोणी नाकाडोंगरीहून दोन बस बदलून आलेलं, कोणी कडपा वावरात टाकून आलेलं. कापणीच्या दिवसांत ज्याला एकदा परत पाठवलं, तो पुन्हा येईल याची खात्री देता येत नाही. डोमाजीही तिथेच होता. त्या दिवशी त्याची अठरावी गाठ व्हायची होती. मी जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं, मशीन आज बंद.

मला वाटलं त्याला आनंद होईल, निदान खरं ठरल्याचा. त्याने सूत खिशातून काढलं, पाहिलं, परत ठेवलं आणि उठला. त्याच्या उठण्यात एक सुटका होती. तीच मला भिववून गेली. आता याला न येण्याचं कारण मिळालं होतं, आणि ते आम्हीच दिलं होतं.

“शनिवारी चालू होईल,” मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

पार्बताबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “शनवारी मोठी मंडई हाय साहेब. मी धंदा सोडून यायले घेऊन यीन, अन् तुमी म्हनान, सोमवारी या. मंग हे पुन्हा येनार नाहीत. मी सांगून ठेवतो.”

“शनिवारी,” मी पुन्हा म्हटलं.

आमच्या अडगळीच्या खोलीत आधीच्या, कधीच बाद झालेल्या मशीनचं टेबल पडून होतं. त्यावर जुने पडदे, एक मोडकी खुर्ची आणि मागच्या एका समारंभाची कमान. त्याखाली तोच ब्रेक, त्याच बनावटीचा, फारसा न वापरलेला. कंपनीच्या माणसाला फोटो पाठवले, नंबर वाचून दाखवले. तो म्हणाला, बसेल. मॅडम म्हणाल्या, “बसवा. पण मी सही करीन ती दुपारी, वीस वेळा वर-खाली करून झाल्यावर. आणि विटा ठेवून नाही.”

“मग काय ठेवू?”

“माणसाचं वजन.”

शुक्रवारी सकाळी मी ब्रेक सोडून, धुऊन, पुसून बसवायला लागलो आणि आंधळगावला भावाला फोन केला. माणसाचं वजन दुपारभर न हलता पडून राहील अशी एकच वस्तू या दिवसांत आमच्या जिल्ह्यात भरपूर असते. भाऊ धानाचे चाळीस-चाळीस किलोचे दोन कट्टे गाडीत टाकून घेऊन आला. आजवर तो मशीन पाहायला कधी आला नव्हता. खोलीत शिरताना त्याने चपला बाहेर काढल्या.

“हे तुयी मशीन?”

“हो.”

“अन् धान कायले?”

“झोपवायचंय.”

त्याने दोन्ही कट्टे टेबलावर आडवे घातले, एक डोक्याकडे, एक पायांकडे, आणि सवयीने डोक्याकडच्या कट्ट्याला थोपटलं. टेबल वर गेलं, खाली आलं. वर, खाली. प्रत्येक वेळी थांबवून मॅडम काटा पाहत होत्या आणि कागदावर रेघ मारत होत्या. खोलीभर नव्या धानाचा वास पसरला. औषधांच्या, फिनेलच्या, माणसांच्या भीतीच्या वासाची ती खोली. तिला एका दुपारपुरता खळ्याचा वास लागला. मला वाटतं, ती खोली इतकी निरोगी कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात अध्यक्षसाहेब उद्याच्या फेरीची पाहणी करायला आले. टेबलावर पाहून थांबले.

“हे काय आहे?”

भाऊ हात जोडून म्हणाला, “जयश्रीराम आहे साहेब.” जयश्रीराम हे आमच्याकडच्या बारीक धानाचं नाव. अध्यक्षांना ते नमस्कार वाटला की वाण, मला कळलं नाही. त्यांनीही हात जोडले आणि ते निघून गेले.

वीस वेळा झालं. एकविसाव्या वेळी मॅडमनी मला कट्टे काढायला लावले आणि स्वतः टेबलावर झोपल्या. “आता तुम्ही काटा पाहा,” म्हणाल्या. त्या चष्मा काढून, छताच्या डागाकडे पाहत, हात सरळ ठेवून पाच मिनिटं निश्चल पडून राहिल्या. काटा हलला नाही. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या माणसांना उंच जागी बसलेलं पाहिलं आहे. मोठं माणूस असं आडवं पडलेलं एकदाच पाहिलं.

शनिवारी मांडवात पाहुणे आले. भाषणं सुरू झाली. मंडपवाल्याचे, फुलवाल्याचे, जेवणवाल्याचे आभार कर्ण्यावरून सगळ्या हायवेला ऐकू जात होते. अध्यक्षांची इच्छा होती की तेवढा वेळ पेशंट थांबवावेत. मॅडमनी ऐकल्यासारखं केलं आणि सकाळी आठपासून गुरुवारची राहिलेली यादी घ्यायला सुरुवात केली. मी प्रत्येक वेळी दार उघडलं की बाकाकडे पाहत होतो. दहा वाजले. अकरा. नाकाडोंगरीची बाई आली. कडपावाला आला. बारा वाजले. डोमाजी नव्हता.

साडेबाराच्या पुढे ते दोघं आले. मंडईच्या गर्दीत बस अडकली होती. पार्बताबाईंच्या डोक्यावर मासळीची रिकामी टोपली तशीच होती. पहाटेच विकून आल्या होत्या. डोमाजी थेट आत गेला, टेबलाला तळहात लावला आणि निजला. मुखवटा चढवला. आम्ही बाहेर आलो, दार लागलं. मॅडमनी घड्याळ सुरू केलं. भिंतीच्या त्या बाजूला पाहुणे माणुसकी या विषयावर बोलत होते. या बाजूला पडद्यावर एक माणूस जाळीखाली निश्चल पडलेला दिसत होता.

दार उघडलं. मुखवटा काढला. गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले. तो उठून बसला आणि जरा वेळ, परीक्षेचा निकाल वाचायच्या आधी मास्तर थांबतात तसा, थांबला.

“काय?” मी विचारलं.

त्याने मान हलवली. “नाई देत झटका.”

आणि खिशातून सूत काढून अठरावी गाठ मारली. जुन्या ब्रेकला मिळालेलं एवढं एकच प्रमाणपत्र. आमच्याकडे चौकटीतली बरीच आहेत.

“काल घरी म्हनत होते, आता काही जात नाही,” पार्बताबाई मला म्हणाल्या. “मंग आज सकाळी म्हनते, चाल, त्यायनं खाट दुरुस्त केली का नाही, पाहून तं येऊ.”

बुडालेले दिवस भरून काढायला मॅडमनी रविवारीही मशीन चालवलं. पुढचे पंधरा दिवस डोमाजी एकदाही चुकला नाही. येई, तळहात ठेवी, निजे, उठे, मला मानेने ‘ठीक’ सांगे आणि गाठ मारी. तोवर पुंजणे उठले, बांध्यांत धानामागून पेरलेली लाखोळी हिरवी झाली, थंडी पडली. तेहेतिसाव्या दिवशी मी त्याला म्हटलं, हे सूत आठवण म्हणून माझ्याकडे ठेवू का? त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. सूत चांगलं होतं, वाया काहून घालवायचं? ते जाळ्यात गेलं. मुखवटा मात्र घेऊन गेला. पुढच्या वेळी तपासणीला आल्यावर बाईंनी सांगितलं की त्यात झिंगे फार छान निथळतात. शेजारणी विचारतात, याच्यात किरण नाहीत ना? मी सांगितलं, नाहीत, खुशाल खा. डोमाजीच्या नाकाडात झिंगे भरलेले मी अजून डोळ्यांपुढे आणतो, समारंभात कंटाळा आला की.

तेव्हापासून मी टेबल दोनदा तपासतो. सकाळी मॅन्युअलसाठी आणि दुपारी, माणसं होऊन गेल्यावर, त्यावर स्वतः पडून. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता, मी हाताने आखला. नवं मशीन यथावकाश जोडलं गेलं. त्याच्या टेबलावरही पडतो. त्याच्यावरच्या छताला अजून डाग नाही.

आज सकाळी कारध्याच्या पुलावरून कामाला जात होतो. धुकं नुकतं उठत होतं, काठावरच्या बांध्यांतून तणसाचा वास येत होता. खाली लांब, पार पलीकडच्या काठाशी, एक डोंगा होता आणि त्यात उभं राहून कोणी जाळं गोळा करत होतं. मी गाडी थांबवली ती उगीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ गेली, पण आवाज पूर्वीसारखा होईल असं समजू नका. तपासणीला यायचा तेव्हा डोमाजी बोलायचा, पण खोलीत माणूस बोलतो तो काही नदीवरचा आवाज नव्हे.

डोंग्यातल्या माणसाने मान वर केली. मला ओळखलं असावं, किंवा माझ्या गाडीला.

“ओऽऽ मेकॅनिक साहेऽऽब!”

काठावरचे बगळे उडाले. आवाजात खरखर होती, लोखंडावर कानस ओढावी तशी. पण तो अख्खी नदी ओलांडून, पुलाच्या कठड्यावरून वर, माझ्यापर्यंत आला.

“काऽऽय?” मी ओरडलो.

“सकाळीच चालले काऽऽ? खाट दुपारी पाहाऽऽ जी!”

“दुपारीच पाहतोऽऽ!” मी जीव खाऊन ओरडलो.

त्याने कानाला हात लावला. माझा आवाज अर्ध्या नदीतच पडला होता.